भोईटेकला घोडा नेताना

तापीकाठच्या पोरांना चार खेळणी नेऊन द्यायला असं काय लागतं, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा छातीएवढा उंच लाकडी घोडा घेऊन शिरपूरच्या एसटीत चढून दाखवावं. मग आपण बोलू.

मी धुळ्याला देवपुरात राहतो आणि हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. जगातले वारे कुठून कुठे वाहतात हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून मुलांना सांगत आलो आहे. वाऱ्यांनी माझं कधी ऐकलं असेल असं मात्र वाटत नाही. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस जे वादळ झालं ते तर माझ्या एकाही बाणात बसत नव्हतं. आमच्या कॉलनीत त्याने शेजारच्या हिलाल नानांचा टीव्हीचा अँटेना वाकवला. रविवारची मालिका बुडाली आणि कॉलनीवर अशी अवकळा पसरली, की दोन दिवस लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाई आली.

झुंबरबाई म्हणजे आमची डांगरवाली; डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. तापीच्या काठी भोईटेक म्हणून भोई लोकांची वस्ती आहे, तिथली. पुरुष नदीत जाळी टाकतात आणि उन्हाळ्यात बायका वाळूत डांगराचे वेल लावतात. दर मे महिन्यात झुंबरबाई टोपलीभर डांगरं घेऊन धुळ्याला यायची आणि आमच्या ओट्यावर बसून पाणी प्यायची. त्या दिवशी तिच्याजवळ टोपली नव्हती.

"ताई, घरमा जुनं प्लास्टिक शे का?" तिने माझ्या बायकोला, कुंदाला विचारलं. "छप्पर झाकाले."

"काय झालं गं?"

"काय सांगू! वारा उनथा का राकेस उनथा! पत्रा उडनात, डोंगा फुटनात, जायी तं बाभूयवर लटकी राहिनी. मानसे वाचनात, तीच भगवाननी किरपा." मग जरा थांबून ती म्हणाली, "पोरे भलता भ्यायी गयात, ताई. जरासा वारा वाजना का रडतस. खेयनं तं भुलीच गयात."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचतच राहायला हवं होतं. पण माझ्या तोंडून एक वाक्य बाहेर पडलं, आणि शिक्षकाच्या तोंडून बाहेर पडलेलं वाक्य परत घेता येत नाही, कारण तोपर्यंत कोणीतरी ते उतरवून घेतलेलं असतं.

"झुंबरबाई, मुलांना सांगा, सर खेळणी घेऊन येताहेत. येत्या सोमवारी."

झुंबरबाईने माझ्याकडे नीट पाहिलं. "खरंच येशात ना, सर? मी सांगी देसू त्यासले."

"सांगा."

ती प्लास्टिक घेऊन गेली. कुंदा काहीच बोलली नाही. ती गच्चीवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घालायला गेली. ती काही बोलत नाही तेव्हा तिने ते काम माझ्यावर पक्कं टाकलेलं असतं, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

आता आमच्या घरात खेळणी नव्हती. म्हणून मी कॉलनीत घरोघर फिरलो. धुळेकर मनाचा मोठा आहे, त्याला फक्त निमित्त हवं असतं. माळ्यावर जे जे काही आहे आणि टाकवत नाही, ते पुण्यकर्मात घालवण्याची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. सोंगट्या नसलेला कॅरम आला. एकच डोळा मिटणारी बाहुली आली. तारा तुटलेल्या बॅडमिंटनच्या रॅकेटी आल्या. कोणत्या तरी बँकेच्या संगीतखुर्ची स्पर्धेतला ढाल-चषक आला. एका गृहस्थांनी शेअर बाजारावरचं पुस्तक दिलं आणि वर म्हणाले, "मुलांना लहानपणापासून सवय लागलेली बरी." मी 'हो' म्हणालो. दान देणाऱ्याशी वाद घालू नये.

शेवटचं घर लताबाईंचं. त्यांचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. त्याच्या लहानपणी त्यांच्या यजमानांनी पारोळ्याच्या सुताराकडून खास सागवानी घोडा करून घेतला होता. खाली डुलण्यासाठी वक्र फळ्या, पाठीवर खोगीर, एक कान तुटलेला. त्याला उचलायला दोन माणसं लागत. लताबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"न्या हो सर. पण त्याला उन्हात ठेवू नका. आणि एकावेळी एकच मूल बसवा."

मी शब्द दिला. त्या आठवड्यात मी फारच शब्द देत होतो.

इथवर सगळं ठीक होतं. मग हिलाल नाना मध्ये पडले. नाना महसूल खात्यातून सर्कल म्हणून निवृत्त झाले होते, पण महसूल खातं नानांमधून निवृत्त झालं नव्हतं. घोडा पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"सर, परवानगी घेतली?"

"कसली परवानगी? लहान मुलांना खेळणी द्यायची आहेत."

"भाग आपद्ग्रस्त आहे. आपद्ग्रस्त भागात विनापरवाना मदत नेली तर उद्या तुमच्यावर बालंट येईल. मी कशाला सांगतो? माझ्या नोकरीत एकाने विनापरवाना घोंगड्या वाटल्या होत्या."

"मग?"

"मग काय," नाना दूर बघत म्हणाले, "बदली झाली."

"त्याची?"

"माझी."

आम्ही दोघं एका कचेरीत गेलो. कोणत्या ते विचारू नका, मला अजून तिथून रहिवासी दाखला काढायचा आहे. तिथले कारकून भाऊसाहेब चांगले माणूस होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहाही सांगितला, आणि मग छापील कागद पुढे ओढला.

"मदत कोणत्या सदरात?"

"लहान मुलांची खेळणी."

"असं सदर नाही. अन्नधान्य, कपडे, भांडी, जनावरं. एवढीच."

"भांड्यांत घाला ना."

"बाहुली हे भांडं होत नाही, सर." त्यांचा सूर समजावणीचा होता. मी शिकवताना ढ मुलांशी असाच बोलतो. मला ते लागलं.

आता नानांना गप्प बसवेना. "साहेब, त्यात एक घोडा आहे," ते म्हणाले.

भाऊसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. "अहो मग आधी सांगायचं! जनावरांत बसतंय की!" त्यांनी भराभरा लिहायला घेतलं आणि मग पेन थांबवलं. "घोड्याचा आरोग्य दाखला?"

"तो लाकडी आहे," मी म्हणालो.

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "लाकडी लिहायला इथे जागा नाही."

सज्जनहो, माणूस रागावतो आणि घरी जातो. मीही रागावलो आणि घरी गेलो. कुंदा बिबड्या उलटत होती. मी तिला कचेरीची सारी कथा सांगितली. शेवटी म्हणालो, "मी झुंबरबाईला निरोप पाठवतो, की जमत नाही."

कुंदाने हातातली बिबडी खाली ठेवली. "तिने एव्हाना सगळ्या पोरांना सांगितलं असेल. एकदा वाऱ्याने त्यांचं घर नेलं. आता तुम्ही शब्द परत नेणार?"

मी तसाच उठलो आणि घोड्यासाठी हातगाडी आणायला गेलो.

कारण मी घरी आलो तरी नाना जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले होते आणि तिथले डॉक्टर तत्त्वाचे निघाले होते. "जनावर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी दाखला देत नाही," असं त्यांनी नानांकडून निरोप पाठवला होता. म्हणून भर दुपारी मी त्या घोड्याला हातगाडीवर घालून देवपुरातून पांझरा नदीच्या पुलावरून ढकलत नेलं. पुलावर माझे चार माजी विद्यार्थी भेटले. चौघांनीही वाकून नमस्कार केला. कोणाला केला ते मी विचारलं नाही.

दवाखान्यात एक म्हैस, दोन शेळ्या आणि आम्ही, असे नंबर होते. डॉक्टरांनी आमचा नंबर आल्यावर घोड्याला टिचक्या मारल्या, त्याचे दात पाहिले, शेपटीखाली वाकून वाळवी लागली आहे का ते पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे दाखला लिहिला: 'तपासला. चारापाणी बंद आहे, तरी अशक्तपणा नाही. स्वभाव शांत.' खाली सही आणि शिक्का. मला वाटतं, मला कोणी असा दाखला आजवर दिलेला नाही.

भाऊसाहेबांनी तो कागद पाहून समाधानाने मान हलवली आणि आमच्या कागदावर शिक्का उठवला. घोडा सरकारदरबारी जिवंत झाला.

सोमवारी सकाळी अभिमन त्याची मॅटाडोर घेऊन येणार होता. अभिमन हा नानांचा भाचा. गाडी त्याची स्वतःची आणि शब्दही त्याचाच. पण लग्नसराई होती. आठ वाजता त्याची गाडी आमच्या कोपऱ्यावरून गेली खरी, पण तिच्यात वऱ्हाड होतं, मागे सनईवाला लटकत होता आणि अभिमनने आम्हाला पाहून हॉर्न वाजवला. नानांनी त्याला उद्देशून काही शब्द वापरले. ते इथे देत नाही.

"एसटीने चला," मी म्हणालो.

"घोडा घेऊन?"

"घोडा घेऊन."

नाना घरात गेले, टोपी घालून आले, हातात छत्री. "तुम्हाला एकट्याला जाऊ दिलं तर तुम्ही भलतीकडे सही कराल," ते म्हणाले. कुंदाने आमच्या पिशवीत बिबड्यांचा डबा घातला.

धुळ्याच्या स्टँडवर शिरपूर गाडीच्या कंडक्टरने घोड्याला पायापासून कानापर्यंत न्याहाळलं.

"हे काय?"

"मुलांसाठी भेट आहे. हा बघा रीतसर कागद." मी मोठ्या ऐटीत दाखला पुढे केला. आयुष्यात प्रथमच माझ्याजवळ सगळी कागदपत्रं होती.

त्याने दाखला वाचला. पुन्हा वाचला. "सर, ह्यात तर जनावर लिहिलंय."

"अहो, पण हे लाकडाचं..."

"मला दिसतंय हो. पण कागदावर जनावर आहे. उद्या तपासणी झाली तर? जनावर गाडीत चालत नाही."

जो कागद मिळवण्यासाठी मी पांझरेच्या पुलावर अब्रू घालवली होती, तोच आता माझ्या आडवा आला. मी हताशपणे नानांकडे पाहिलं. नानांनी शांतपणे माझ्या हातातून दाखला घेतला, घडी केली, टोपीत घातला आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"कुठला कागद?" त्यांनी कंडक्टरला विचारलं. "लाकूडसामान आहे. टपावर टाका."

महसूल खात्याबद्दल लोक काहीही म्हणोत.

घोडा टपावर चढला. हमालांच्या भरवशावर न राहता मी स्वतः वर चढून त्याला दोरखंडाने बांधलं. माझी पँट शिडीला अडकून फाटली ती तिथेच. गाडी आग्रा रोडला लागली. टपावर पुढे तोंड करून उभा असलेला घोडा पाहून समोरून येणारे ट्रकवाले हॉर्न द्यायचे आणि रस्त्याकडेच्या बायका हात जोडायच्या. आत बसून मला ते दिसत नव्हतं, पण शेजारचा प्रवासी खिडकीतून डोकं बाहेर काढून मला सतत बातम्या देत होता.

सोनगीरच्या अलीकडे गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघाली, आणि सोनगीर फाट्यावर गाडीने श्वास सोडला. मागून आलेल्या गाडीत प्रवासी गेले. तिच्या टपावर लोखंडी पलंग होते, घोड्याला जागा नव्हती. कंडक्टरने आम्हाला, घोड्याला आणि खेळण्यांच्या दोन पोत्यांना निंबाच्या झाडाखाली उतरवून ठेवलं.

वर सोनगीरचा किल्ला, खाली घोडा, मधे मी. दुपार चढत होती.

थोड्या वेळाने एक म्हातारी आली. घोड्यासमोर थांबली, पदर सारखा केला आणि विचारलं, "कोना नवस शे, दादा?"

"नवस नाही आजी. खेळणं आहे."

"हां हां," ती म्हणाली, आणि घोड्याच्या कपाळाला हळद लावली. खंडेरायाचा घोडा आहे, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यानंतर तिची सून आली. मग टपरीवरचे लोक. मग नारळ आला. मी प्रत्येकाला सांगत होतो, हे खेळणं आहे, मुलांना द्यायचं आहे. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि भंडारा उधळायचे. वाऱ्याची दिशा मला ठाऊक असायला हवी होती. निम्मा भंडारा माझ्या अंगावर आला. एकाने नम्रपणे सांगितलं, "पायतान काढी ठेवा, भाऊ. देवना जवळ शेतस." मी चप्पल काढून ठेवली. पुन्हा ती मला कधीच दिसली नाही.

नाना पलीकडे दगडावर बसले होते. नवसाला आलेला एक शेतकरी त्यांना सातबाऱ्यावरचं नाव कसं दुरुस्त करायचं ते विचारत होता आणि नाना त्याला तपशीलवार सांगत होते. मला वाटतं, निवृत्तीनंतर त्यांचा इतका चांगला दिवस गेला नसेल.

अखेर लोटन आला. उंचापुरा शेतकरी, तापीकडच्या गावचा. सोनगीरच्या तांबटांकडून बहिणीच्या लग्नासाठी पितळी हंडा घेऊन ट्रॅक्टरने परत चालला होता. त्याने गर्दी पाहिली, ट्रॅक्टर थांबवला, घोड्याला नमस्कार केला.

"देव कोठे चालना?"

"भोईटेकला," नाना पटकन म्हणाले.

"मंग टाका ना ट्रॉलीमा! मी तठेच चालनू. देवनी सेवा व्हई."

नानांनी मला कोपराने ढोसलं. घोडा ट्रॉलीत चढला, बाजूला पितळी हंडा, हंड्याला टेकून मी. पण फाटा मागे पडला तसं मला बसवेना. ज्याने आपल्याला मदत केली त्याला फसवून मुलांपर्यंत जायचं, हे मनाला पटेना. नरडाणा गावाच्या पुढे मी उभा राहिलो आणि ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडून त्याला सगळं सांगितलं. लताबाईंचा घोडा, वादळ, झुंबरबाई, पोरं.

लोटनने ट्रॅक्टर थांबवला. मागे वळून घोड्याकडे पाहिलं. आता उतरवतो, असं मला वाटलं. नानांनी डोळे मिटले.

"पोरेसना करता शे?" त्याने विचारलं.

"हो."

"मंग तं आखो हयू चालाडनं पडी," तो म्हणाला आणि पुढे खरंच हळू चालवू लागला.

हायवे सोडून आम्ही तापीच्या बाजूला वळलो. तिकडे आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. खानदेशातल्या काळ्या मातीवर मी वर्गात तास घेतो. 'ही माती पाणी धरून ठेवते.' परीक्षेत हे वाक्य लिहिलं की गुण मिळतात. ती ट्रॅक्टरही धरून ठेवते, हे पाठ्यपुस्तकात नाही. भोईटेकच्या अलीकडच्या नाल्याशी चाक रुतलं. लोटनने पुढे-मागे करून पाहिलं, तशी ट्रॉली कलली. आधी हंडा घरंगळला, त्याच्यामागे मी.

"इथून पायीच," मी चिखलातून उठून म्हणालो. नानांची छत्री वाऱ्याने उलटी झाली होती. ती सरळ करायला गेलो तर तिच्या काड्या माझ्या सदऱ्यात अडकल्या आणि बाही खांद्यापासून निघून आली. आता बाहीचं काय करायचं? मी ती घोड्याच्या मानेला बांधली.

लोटनने पुढचे पाय धरले, मी मागचे. नाना पोती घेऊन आमच्या पुढे चालत होते आणि मागे वळून सूचना करत होते. "डावीकडे! अहो सर, तुमची डावी!" भूगोलाच्या शिक्षकाला दिशा सांगू नयेत, इतकं सामान्य सौजन्य माणसाला असावं. पण मी दात आवळून चाललो. नाल्याचं पाणी मांडीपर्यंत आलं, तरी घोडा पाण्यापासून वर धरला. लताबाईंना त्याच्याविषयी काही सांगायची वेळ आली, तर तो बुडाला हे मी सांगणार नव्हतो.

भोईटेक दिसलं तेव्हा मी थांबलो. झुंबरबाईने सांगितलं होतं ते खरं तर कमीच सांगितलं होतं. भिंती उभ्या होत्या, वर आभाळ होतं. बाभळीच्या शेंड्यावर अजून जाळ्याचा एक तुकडा फडफडत होता. काठावर एक डोंगा, म्हणजे लहान होडी, मोडून पडला होता, त्याच्या बरगड्या दिसत होत्या.

मी खिशातलं भाषण चाचपलं. 'प्रिय बालमित्रांनो' अशी त्याची सुरुवात होती. आता खिशात त्याचा लगदा होता.

समोरच्या बाजेवर एक म्हातारा बसला होता. तोतारामबाबा, झुंबरबाईचे सासरे, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पायांत काही नाही, एक बाही गायब, पँट फाटलेली, अंगभर चिखल आणि चिखलावर हळद. म्हातारा काठी टेकत लगबगीने उठला.

"अरे भाऊ! तुम्ही कोना गावना शेतस? तुम्हनं बी बठ्ठ उडी गयं का?"

"नाही बाबा, मी..."

"बसा, बसा. बोलू नका. अय पोरीस्वन, पानी आना! बिचारा वादयमा सापडना!"

मी आपद्ग्रस्तांना मदत करायला आलो होतो, आणि पाच मिनिटांत मी त्यांचा आपद्ग्रस्त झालो. एका बाईने मला तांब्या दिला. दुसरीने नवऱ्याचा सदरा आणला, जो तिच्याकडच्या दोनपैकी एक होता. कोणीतरी भाकरी आणि माशाचा रस्सा पुढे ठेवला. मी सांगायचा प्रयत्न केला. पण प्रत्येक वेळी म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "लाजू नका. वाईट येय सगळासवर येस." नानांनी मुकाट्याने दुसरी भाकरी घेतली. लोटन हसू दाबत होता.

तेवढ्यात झुंबरबाई नदीवरून आली. कंबरेपर्यंत ओली, खांद्यावर जाळं. माझ्याकडे पाहून थबकली.

"अय माय! हाऊ तं आम्हना सर शे!"

मग काय झालं ते सांगणं कठीण आहे. कारण तोवर मुलं घोड्याला बघायला भिंतीआडून बाहेर आली होती आणि 'सर' हा शब्द ऐकल्यावर तिथे मोजता येणार नाहीत इतकी पोरं होती. भाषण राहिलंच. नानांनी पोती उलटी केली.

आमच्या कॉलनीने जे माळ्यावरून काढलं होतं त्याचा मला रस्ताभर संकोच वाटत होता. तो संकोच तिथे कोणाला ठाऊकच नव्हता. एक डोळा मिटणारी बाहुली मुलींना फारच आवडली. ती डोळा मारते म्हणून त्या हसून हसून बेजार झाल्या. तुटक्या तारांची रॅकेट घेऊन एक पोरगा उथळ पाण्यात बारके मासे उपसायला पळाला. कॅरमवर दोघं बसली आणि तिसऱ्याने त्यांना ओढलं. शेअर बाजाराचं पुस्तक तोतारामबाबांनी ठेवून घेतलं. विडी पेटवायला कागद चांगला आहे, म्हणाले.

रुपली नावाची एक लहान मुलगी मात्र काहीच घ्यायला आली नाही. ती माझ्यासमोर उभी राहून माझे पाय बघत होती.

"तुम्हनं काय काय उडी गयं?" तिने विचारलं.

मी म्हणणार होतो, काही नाही. पण तिचं सगळं उडालं होतं आणि ती विचारत होती ते अगदी गांभीर्याने, बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं. मग मी तिला खरं सांगितलं. चप्पल. सदऱ्याची बाही. नानांची छत्री. भाषण. आणि एक हंडा पडला, पण तो सापडला.

तिने थोडा विचार केला. "मनी पाटी उडी गयी," ती म्हणाली. "आनि कोंबडी. पन कोंबडी परत उनी." मग एकदम ती हसली, आणि मीही हसलो. त्यानंतर ती घोड्याकडे गेली.

घोड्यावर मुलं बसली होती, पण मातीत तो डुलत नव्हता. भिजलेल्या मातीत त्याच्या वक्र फळ्या रुतायच्या. पोरं त्याला ढकलून थकली. मग कोणी ठरवलं ते माहीत नाही, पण सगळ्यांनी मिळून त्याला काठाकडे नेलं, आणि मी 'अरे, अरे' म्हणेपर्यंत घोडा तापीत होता.

सागवान ते. बुडालं नाही. घोडा आडवा झाला, पुन्हा वर आला, आणि त्याच्या पाठीवर तीन पोरं. एकावेळी एकच मूल, असा मी लताबाईंना शब्द दिला होता. मी काठावर उभा राहून ओरडणार होतो. तेवढ्यात नदीवरून वारा सुटला, चांगला जोरात, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बायकांनी एकदम पोरांकडे पाहिलं. पोरांनी वाऱ्याकडे लक्षही दिलं नाही. ती घोड्याला लाथा मारून पुढे हाकत होती.

झुंबरबाईने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. "सर, आते आज काही जाता येवाव नही. नालाले पानी वाढनं. राहा."

"राहतो," मी म्हणालो. "पण बसून राहणार नाही. काय काम आहे?"

काम होतं. दोन चांगले पत्रे नदीपलीकडे सापडले होते. ते तिच्या घरावर चढवायचे होते. तिचा नवरा आणि लोटन खालून पत्रा वर देत होते. मला, उंच म्हणून, भिंतीवर चढवलं. नाना खाली उभे राहून सांगत होते, की अशा कामाला आधी आडवा वासा लागतो, आणि त्याची परवानगी कोणाची घ्यायची ते आपण नंतर बघू. मी भिंतीच्या टोकावर अनवाणी उभा होतो, अंगात दुसऱ्याचा सदरा, हातात पत्र्याची कड. तिथून सगळी तापी दिसत होती. पोरं घोड्यावर बसून पार मधल्या खडकापर्यंत गेली होती आणि तिथून मला हात हलवत होती.

मीही हात हलवला असता. पण त्याच वेळी वाऱ्याने पत्रा खालून उचलला आणि झुंबरबाई खालून ओरडली, "सर! धरी ठेवा!"

मी धरून ठेवला.